पडताळणी कोणाच्या हाती?

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने पाच अणुभट्ट्या बंद करण्याचा आदेश दिला. व्हर्जिनियातील सरी येथील दोन, पेनसिल्व्हेनियातील बीव्हर व्हॅली, न्यूयॉर्क राज्यातील फिट्झपॅट्रिक आणि मेन राज्यातील मेन यांकी. कोठे स्फोट झाला नव्हता, कोठे नळ फुटला नव्हता. दोष सापडला होता तो आकडेमोडीत. पंधराच दिवसांनी, २८ मार्चला, थ्री माइल आयलंडचा अपघात घडला, साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले आणि हे आधीचे प्रकरण विस्मृतीत गेले. अणुउद्योगाला ते सोयीचेच झाले, कारण अपघाताचे खापर यंत्रचालकांवर फोडता येते. आकडेमोडीतली चूक मात्र थेट आराखडा करणाऱ्या कंपनीच्या दारात जाऊन पोहोचते.

या पाचही भट्ट्यांच्या नळजाळ्यांची गणिते स्टोन अँड वेब्स्टर या एकाच अभियांत्रिकी कंपनीने केली होती. भूकंपाचा हादरा बसल्यास नळांवर व त्यांच्या आधारांवर किती ताण येईल, हे तिने संगणकाच्या आज्ञावलीकडून काढून घेतले. भूकंप जमिनीला आडवा हलवतो आणि उभाही. या दोन हालचालींमुळे नळावर येणाऱ्या बलांची बेरीज त्या आज्ञावलीने चिन्हांसह केली. म्हणजे एक धन आणि एक ऋण निघाले की दोघे एकमेकांना खाऊन टाकत आणि कागदावर ताण कमी दिसे. भूकंप काही चिन्हे पाहून येत नाही. दोन्ही बले एकाच क्षणी एकाच बाजूस लोटतील, ही शक्यता धरून हिशेब व्हावयास हवा होता. पुढे बीव्हर व्हॅलीच्या नळांची गणिते दुसऱ्या, नव्या आज्ञावलीने केली गेली, तेव्हा उत्तरे जुळेनात. तोवर सरीची पहिली अणुभट्टी सहा वर्षांहून अधिक काळ वीज विकत होती.

उद्योगाचे कैवारी यावर म्हणतात : चूक सापडली, भट्ट्या थांबल्या, फेरगणित झाले, म्हणजे व्यवस्था काम करते. हा युक्तिवाद फसवा आहे. गुणवत्तेची हमी देणारी अमेरिकी नियमावली १९७० पासून अस्तित्वात होती. तिचे अठरा निकष आहेत. तिसरा निकष बजावतो की आराखड्याची पडताळणी मूळ आराखडा करणाऱ्यांनी करू नये; आणि त्याच वाक्यात, पडताळणी करणारे त्याच संस्थेतील असले तरी चालतील, अशी मुभाही देतो! भागधारकांचा पैसा असतो तेथे कायदा बाहेरचा लेखापरीक्षक मागतो; कंपनीच्या कारकुनाने तपासलेला ताळेबंद कोणताही बाजार मान्य करीत नाही. भांडवलाला जे संरक्षण हक्काने मिळते, ते अणुकेंद्राच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसाला मिळत नाही. आज तर हमी हीच विक्रीची वस्तू झाली आहे. तपासणीची कागदपत्रे आणि सापडलेल्या चुकांच्या सूचना आज्ञावली विकणाऱ्या कंपन्या अणुउद्योगाला वेगळे मोल घेऊन पुरवतात. आज्ञावलीची मूळ संहिता मात्र व्यापारी गुपित!

राष्ट्रीयीकरणाने हा प्रश्न आपोआप सुटतो, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फिट्झपॅट्रिकची मालकी त्या वेळी न्यूयॉर्क राज्याच्या वीज प्राधिकरणाकडे होती. सार्वजनिक मालकीनेही तेच गणित तितक्याच विश्वासाने स्वीकारले होते.

शिवाय आज्ञावली निर्दोष असणे पुरेसे नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइप्नर तेलमंचाचा काँक्रीटचा पाया बुडाला, तो नावाजलेल्या आज्ञावलीला ओबडधोबड जाळी पुरवल्यामुळे. कातरताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता. आणि गणित बरोबर आले तरी ते ऐकणार कोण? फुकुशिमाच्या मालक कंपनीसाठी २००८ मध्ये केलेल्या गणिताने १५.७ मीटरपर्यंत त्सुनामीची शक्यता दाखविली होती. केंद्राची तयारी ५.७ मीटरची होती. व्यवस्थापनाने आणखी अभ्यास हवा म्हणून निर्णय लांबविला. ११ मार्च २०११ ला समुद्र आला. तेथे संगणक चुकला नव्हता. भिंतीचा खर्च ताबडतोब ताळेबंदात दिसतो, बुडालेल्या गावांचा दिसत नाही, एवढेच त्यामागचे अर्थशास्त्र.

१९७९ च्या आदेशावरही टीका झाली ती याच हिशेबाने. इराणमधील क्रांतीमुळे तेल महागत होते आणि बंद पडलेल्या भट्ट्यांची वीज तेल जाळून भरून काढावी लागणार होती. आयोगाने तरीही आदेश दिला. नियामकाने उद्योगाला नफ्यातोट्याची विचारणा न करता घेतलेल्या मोजक्या निर्णयांत त्याची गणना करावी लागेल.

जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या योजिलेल्या आहेत. तेथील लढ्याने जमीन आणि मासेमारी यांचे प्रश्न निर्धाराने मांडले, ते योग्यच होते. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी हवी : भूकंपाची व शीतकरणाची प्रत्येक महत्त्वाची आकडेमोड विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांनी, वेगळ्या आज्ञावलीने, सरकारी तिजोरीतून मोबदला घेऊन पुन्हा करावी, आणि गृहीतके, आकडे व न जुळलेली उत्तरे मराठीत रत्नागिरीच्या जनतेपुढे ठेवावीत. हे महाग पडेल, असे उत्तर येईल. किती महाग, हा आकडाही मग त्याच कागदावर छापावा.