पाचोळा म्हणजे बेशिस्त नव्हे

फौजेत झाडाखाली पडलेलं पान हा जवळपास गुन्हाच असतो. श्रीनगरच्या पोस्टिंगवर हे मी रोज पाहिलं. ऑक्टोबर सरता सरता चिनार लाल होतो आणि नोव्हेंबरात पानं खाली येतात. सकाळी फटीग पार्टी खराट्याने लॉन झाडते, चहा होईपर्यंत पुन्हा तेवढीच पानं पडतात. मग ढीग करायचा आणि काडी लावायची.

मित्रांनो, मला हे पटत नाही. काश्मीर खोरं डोंगरांच्या मध्ये आहे. हिवाळ्यात गार हवा तळाशी बसून राहते, धूर वर जात नाही. तो धूर पीटीला धावणारा जवानच ओढतो. 2016 च्या घनकचरा नियमांनीही कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली. स्थानिक लोक चिनारची पानं जाळून कांगडीचा कोळसा करतात, पण ती त्यांची थंडीतली गरज आहे. आपण जाळतो ते फक्त इन्स्पेक्शनसाठी.

'निसर्गाचं आहे, पडू द्या तसंच' हेही मला मान्य नाही. चिनारचं पान पंजाएवढं आणि चिवट असतं. त्याचा जाड थर बर्फाखाली दबला की गवताला उजेड आणि हवा मिळत नाही, बुरशी धरते. बर्फ वितळल्यावर लॉनवर मेलेले चट्टे दिसतात.

मधला रस्ता सोपा आहे. कोरड्या दिवशी पानांवरून मशीन फिरवून चुरा करा. खालचं गवत दिसत राहील एवढाच चुरा लॉनवर ठेवा, तो जमिनीलाच मिळतो. बाकीची पानं कोपऱ्यातल्या खड्ड्यात टाका. नुसती पानं कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात, कारण त्यांत नत्र कमी असतं. लंगरमधली भाजीची सालं, कापलेलं गवत किंवा शेण मिसळलं, ओल राखली आणि अधूनमधून ढीग उलटला, तर खत लवकर होतं. गावाकडचा उकिरडा आठवा, आपल्या आज्यांना हे शिकवावं लागलं नव्हतं.

काही जागा मात्र रोज साफ हव्यातच. दारूगोळा आणि इंधनाच्या साठ्याभोवती सुकं पान नको. गटारं तुंबायला नकोत. रात्री संत्री ज्या वाटेने फिरतो, तिथे ओल्या पानांवरून त्याचा पाय घसरता कामा नये. तिथे खराटा चाललाच पाहिजे, कारण तिथे सफाईमागे कारण आहे. पण कुणी साहेब येणार म्हणून वीस जवानांनी पानांमागे धावायचं, यात मला शिस्त दिसत नाही. त्यांचा तो वेळ ट्रेनिंगला द्यावा, नाहीतर आरामाला.

माजी सैनिक बंधूंनो, तुमच्यापैकी कितीतरी जण आज पुण्या-साताऱ्याच्या सोसायट्यांत सेक्रेटरी आहेत. तिथेही फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते आणि माळी काडी लावतो. तुमचा शब्द तिथे अजून ऑर्डरसारखा पाळला जातो. या वर्षी एक खड्डा खणायची ऑर्डर द्या.