जिराफाच्या मानेतले सात मणके

९ फेब्रुवारी २०१४ रोजी कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाच्या निरोगी, तरुण जिराफाला गोळी घालून मारले आणि जमलेल्या लोकांसमोर त्याचे शवविच्छेदन केले. प्रेक्षकांत लहान मुलेही होती. मांस सिंहांना घालण्यात आले. जगभर संताप उसळला. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये डेन्मार्कमधल्याच ओडेन्से येथील प्राणिसंग्रहालयाने शाळांच्या सुटीत एका सिंहाचे विच्छेदन मुलांसमोर केले. काही मुलांनी नाके दाबून धरली. पण ती पाहत राहिली.

कोवळ्या वयात हे पाहावे काय? आक्षेपकांचा भर रक्तावर असतो. बालमनावर आघात होईल, असे ते म्हणतात. हा आक्षेप मला अपुरा वाटतो. ज्या देशात डुकराचे मांस नित्याच्या जेवणात असते, तेथे ताटातला घास आणि जिवंत प्राणी यांचे नाते मुलापासून दडवणे, हा कोणता संस्कार? शिवाय ओडेन्से हे हान्स क्रिश्चन अँडरसनचे जन्मगाव. त्याच्या १८४५ च्या कथेतली काड्या विकणारी मुलगी वर्षाच्या अखेरच्या रात्री थंडीने मरते. ती गोष्ट आपण मुलांना निःशंकपणे वाचून दाखवतो. तेव्हा मृत्यू मुलांना वर्ज्य आहे, असे म्हणता येणार नाही.

मात्र कथा आणि विच्छेदन यांत एक मूलभूत भेद आहे. कथेत मूल 'ती का मेली?' असे विचारते आणि उत्तर माणसांच्या उदासीनतेपाशी पोहोचते. विच्छेदनाच्या मेजापाशी प्रश्न 'आत काय आहे?' असा होतो. जिराफाच्या एवढ्या लांब मानेत माणसाच्या मानेइतकेच, म्हणजे सातच मणके असतात, हे कळल्यावर होणारा विस्मय खरा आणि मोलाचा आहे. त्यात परकेपणा कमी होऊन नाते जाणवते. पण ज्याच्याशी नाते जाणवले, तो का मारला गेला?

संग्रहालयाने कारण लपवले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. युरोपातील प्रजनन-कार्यक्रमात मारियसच्या जनुकांचे प्रतिनिधित्व आधीच पुरेसे होते आणि निकट नात्यातली संतती टाळायची होती. त्याला सांभाळण्याची तयारी इतर काही संस्थांनी दाखवली होती. ती नाकारली गेली. म्हणजेच तो 'अतिरिक्त' ठरला. हृदय, फुप्फुस, मणका सुरीने उलगडून दाखवता येतात. 'अतिरिक्त' हा शब्द तसा उलगडत नाही. तो निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी घेतलेल्या निर्णयाचे ते नाव आहे.

म्हणून माझे मत असे : मुलांना विच्छेदन दाखवावे, पण दोन अटींवर. पाहण्याची इच्छा मुलाची स्वतःची असावी आणि कोणत्याही क्षणी, भित्रा न ठरता, त्याला उठून जाता यावे. दुसरे, त्या प्राण्याच्या मृत्यूचे कारण हाही पाठाचाच भाग असावा. आणि तो निर्णय माणसांचा होता, त्याच्याशी असहमत होता येते, हे मुलाला स्पष्ट सांगावे. 'का' विचारायला जेथे जागा नाही, तेथे मूल शरीररचना शिकेल आणि त्याबरोबर आज्ञाधारकपणाही शिकेल. मला धास्ती आहे ती रक्ताची नव्हे, या दुसऱ्या शिकवणीची.