परत मागविलेला बंब

आमच्या लहानपणी 'बंब' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राही तो न्हाणीघरातील तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी आणि खाली तोटी. त्याच्या सांध्यातून पाणी झिरपू लागले, की आई ऐन थंडीतही तो तांबटाकडे झाळायला पाठवीत असे. "थेंब थेंब तर गळतो आहे, संक्रांतीनंतर पाहू," असे वडील म्हणत. आई मात्र ऐकत नसे. बंब परत येईपर्यंत चुलीवर हंडा चढे. आंघोळ कोणाचीही चुकत नसे.

दुसरा बंब रस्त्यावरचा, लाल रंगाचा. आमच्या माळव्यात हिंदी बोलणारे लोक त्याला दमकल म्हणतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर भीषण स्फोट झाले आणि आग विझविताना अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. त्या निमित्ताने काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या पटांगणात एक बंब प्रात्यक्षिकासाठी आला होता. मुले पाण्याच्या फवाऱ्यात रमली असताना मी चालकाशी बोलत उभा राहिलो. गृहस्थ मराठी निघाले. ते म्हणाले, "सर, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी या दोन निराळ्या गाड्या समजाव्यात. ब्रेक तपासायचा तो भरलेल्या गाडीचा."

घरी आल्यावर हिशेब केला. टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असेल तर नुसते पाणीच साडेचार टन झाले. शिवाय ते हिंदकळणारे ओझे. म्हणून टाकीच्या आत आडव्या-उभ्या पडद्या घालाव्या लागतात. असे वाहन भरधाव सुटते, अचानक थांबते, वळते. आगीच्या ठिकाणी तर आणखी विलक्षण प्रकार असतो. पाण्याचा पंप बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो. म्हणजे गाडी जागच्या जागी उभी, इंजिन मात्र पूर्ण जोरात, आणि भोवती माणसे नळ्या धरून उभी. इंजिनाची शक्ती चाकांकडे न जाता पंपाकडेच जावी, अशी व्यवस्था केलेली असते. तिच्यात दोष असला आणि हातब्रेकही कच्चा असला, तर वाचवायला आलेले वाहनच माणसांवर चालून जाईल.

परदेशांत कारखानदारांनी असे बंब यांत्रिक दोषापायी परत मागविल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. कधी स्टिअरिंगचा भाग, कधी ब्रेक, कधी वरची शिडी. अशी बातमी वाचून आपण सहज म्हणतो, "काय हा निष्काळजीपणा!" मला मात्र अलीकडे वेगळे वाटू लागले आहे. दोष राहिला ही चूक खरीच. परंतु तो स्वतः जाहीर करून, ज्याच्या दारी माल गेला त्याला पत्र घालणे, ही त्या चुकीची निम्मी भरपाई होय. उरलेली निम्मी पत्र घेणाऱ्याच्या हाती असते.

ही पद्धत आपोआप रूढ झाली नाही. १९६५ साली राल्फ नेडर यांनी अमेरिकेतील मोटारींच्या दोषांवर पुस्तक लिहून खळबळ उडविली आणि १९६६ साली तेथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. दोष आढळला तर कारखानदाराने मालकांना टपालाने कळवावे आणि दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी, असा दंडक पुढे पडला. आपल्याकडे मोटार कारखानदारांच्या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेची आचारसंहिता स्वीकारली. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत आहे.

बंबाच्या बाबतीत मात्र दोन अडचणी आहेत. एक म्हणजे तो एका हातचा नसतो. चासी एका कारखान्याची, टाकी व बांधणी दुसऱ्याची, पंप तिसऱ्याचा. दोष कोणाचा आणि पत्र कोणी घालावे, येथूनच प्रश्न सुरू होतो. दुसरी अडचण वयाची. अमेरिकेत विनामूल्य दुरुस्तीचा हक्क पंधरा वर्षांपर्यंत, तर आपले २०२१ चे नियम सात वर्षांच्या आतील वाहनांपुरते. बंब मात्र अनेक ठिकाणी वीस-वीस वर्षे राबतो. म्हणजे म्हातारपणी त्याची काळजी वाहायची ती घरच्यांनीच.

घरच्यांनी ती वाहिली नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरात घडले. ९ जानेवारी २००९ रोजी एक शिडीचा बंब उतारावरून येत असताना त्याचे ब्रेक लागेनात. खालचा रस्ता ओलांडून तो एका इमारतीवर आदळला आणि दलाचा एक अधिकारी मृत्युमुखी पडला. चौकशीत निघाले ते फार बोलके आहे. ब्रेकची झीज आपोआप भरून काढणारा भाग त्या गाडीला होता. तसा भाग वारंवार हाताने आवळावा लागणे, हेच मुळी आत काही बिघडल्याचे लक्षण. परंतु तेथे तो हाताने आवळून काम चालविले गेले होते. वेळ निभावली, रोग तसाच राहिला.

हे वाचल्यावर दुसऱ्याला नावे ठेवण्याचे धैर्य माझ्यात उरले नाही. त्याचे कारण सांगतो.

मी मुख्याध्यापक झालो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. शाळांना पुरविलेल्या अग्निशामक नळकांड्यांपैकी एका खेपेच्या झडपा सदोष आहेत, नळकांडी तपासणीसाठी परत पाठवावीत, असे पत्र कार्यालयात आले. परीक्षा तोंडावर होत्या. मी पत्रावर 'पाहिले' असा शेरा मारला, खाली सही केली आणि ते फाइलला लावण्यास सांगितले. मी पाहिले ते पत्र होते. नळकांडे प्रयोगशाळेच्या भिंतीवर तसेच टांगलेले राहिले.

दीड महिन्याने प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा कलंडला आणि टेबलावर ज्वाळा पसरल्या. शिक्षकांनी नळकांडे काढले, खीळ ओढली, मूठ दाबली. आतून फुसकाही आला नाही. आमच्या वयोवृद्ध शिपायांनी कोपऱ्यातील वाळूची बादली उचलून आग दडपली. मुलांना इजा झाली नाही. शिपायांचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला. रुग्णालयात ते मला म्हणाले, "साहेब, वाळू होती म्हणून बरे." त्या नळकांड्याबद्दल पत्र आले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते मी त्यांना सांगितले, पण त्या दिवशी नाही. पुरते आठ दिवस गेल्यावर. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आता बाकीची तरी पाठवा." उरलेली चार नळकांडी दुसऱ्या दिवशी सकाळी रवाना झाली, आणि ती परत येईपर्यंत प्रत्येक वर्गाबाहेर वाळूच्या बादल्या राहिल्या.

बंब परत मागविला तर गावात आग लागल्यावर काय करायचे, हा प्रश्न खोटा नाही. एकच बंब असलेल्या गावाला तो दुरुस्तीस पाठविणे जिवावर येते. त्यासाठी शेजारच्या गावाशी आधी बोलून ठेवावे लागते, राखीव गाडी ठेवावी लागते. माझ्या आईला हे कोणी शिकविले नव्हते. पण बंब तांबटाकडे जाण्यापूर्वी हंडा घासून तयार असे.

आपल्या घरीही मोटारीबद्दल, गॅसच्या शेगडीबद्दल किंवा विजेच्या एखाद्या उपकरणाबद्दल असे पत्र वा निरोप कधीतरी येईल. मोटारीचा चासी क्रमांक नोंदणीच्या कागदावर असतो. तो पत्रातील क्रमांकांशी ताडून पाहावा, आणि जुळला तर दिवस ठरवून गाडी नेऊन द्यावी. त्या पत्रावर माझ्यासारखा शेरा मारू नये. 'पाहिले' लिहिण्यापूर्वी एकदा उठून ती वस्तूच पाहून यावी.