फुलपाखरू हवे, सुरवंट नको?

फुलपाखरू आवडत नाही असा माणूस विरळा, आणि सुरवंट आवडतो असा माणूस त्याहून विरळा. जीव एकच, पण आपल्या मनात या दोघांचे नाते काही जुळत नाही. बाळाच्या झबल्यावर आपण हौसेने फुलपाखरू भरतो, आणि तेच बाळ जरा मोठे होऊन हातात अळी घेऊन घरात आले की त्याच्या पाठीत धपाटा घालतो. अंगणात फुलपाखरे यावीत म्हणून रोपवाटिकेतून फुलझाडे विकत आणतो, आणि कुंपणालगतची रुई मात्र तण म्हणून उपटून टाकतो. म्हणजे पाहुण्यांना चहाला बोलवायचे, पण त्यांच्या लेकरांना उंबऱ्याबाहेर ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

या विसंगतीची किंमत काय असते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. तिथले मोनार्क फुलपाखरू जगप्रसिद्ध. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतून काही हजार किलोमीटर उडत ते हिवाळ्यासाठी मेक्सिकोतल्या डोंगरांवर जाते. तिथे त्याने किती जंगल व्यापले यावरून त्याची गणती होते. १९९६-९७च्या हिवाळ्यात हे क्षेत्र १८ हेक्टरांवर होते; २०१३-१४मध्ये ते पाऊण हेक्टरही भरले नाही. पुढे ते थोडेफार सावरले, पण जुनी संख्या परतली नाही. जंगलतोड आणि लहरी हवामान ही कारणे आहेतच. पण एक मोठे कारण अगदी साधे होते. मोनार्कची अळी रुईच्या कुळातल्या मिल्कवीड या झाडांवरच वाढते. मक्या-सोयाबीनच्या शेतांत तणनाशके आली, मिल्कवीड नाहीसे झाले, आणि अळीचे ताटच उचलले गेले. आता तिथे लोक घराच्या अंगणात तेच ‘तण’ मुद्दाम लावतात.

मोनार्क आपल्याकडे नसते. पण त्याचे जवळचे भाऊबंद आहेत. नारिंगी रंगाचे, पंखांच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके असलेले प्लेन टायगर आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याची अळी रुईच्या पानांवर पोसते. रुईचा चीक विषारी. अळी आधी पानाची शीर कुरतडून चिकाचा ओघ तोडते आणि मग निवांत पान खाते. तरी जे विष पोटात जाते ते ती अंगात साठवते. म्हणून पक्षी तिच्या आणि पुढे फुलपाखराच्याही वाटेला सहसा जात नाहीत. आपण मात्र रुईची आठवण ठेवतो ती शनिवारी मारुतीला माळ घालण्यापुरती.

अकोले तालुक्यातल्या राजूरसारख्या गावाला हे सांगणे खरे म्हणजे सोपे असायला हवे. भंडारदऱ्याच्या वाटेवरचे हे गाव; पलीकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे अभयारण्य. पावसाच्या तोंडावर या वाटेने काजवे पाहायला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते. पण हा काजवा त्याआधी कित्येक महिने ओल्या मातीत, पालापाचोळ्यात अळी होऊन गोगलगायी खात जगलेला असतो, हे किती जणांच्या ध्यानात येते? चार रात्रींच्या झगमगाटाला आपण दाद देतो. वर्षभराच्या मातीला नाही.

गावातल्या परसात काय करता येईल? फारसे काही विकत आणावे लागत नाही. जे आहे ते ठेवायचे. लिंबावर आणि कढीपत्त्यावर मॉर्मन जातीची फुलपाखरे अंडी घालतात. त्यांतलेच लिंबाच्या कुळावर वाढणारे निळे-काळे ब्लू मॉर्मन २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरे वाढतात, कण्हेरीवर काळे कॉमन क्रो, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीवर रेड पिएरो. माळावरच्या खुळखुळ्याच्या वाळल्या काड्यांवर प्लेन टायगरचे नर जमतात. मादीला भुलवणाऱ्या गंधाचे द्रव्य त्यांना तिथून मिळते. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे झुंबड करतात हे खरे, म्हणून ती कुणी लावू नये. परदेशातून आलेली ही झुडपे रान गिळत जातात, आणि रान गेले की अळीची झाडेही गेली.

यावर आक्षेप येतील. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते; तेव्हा ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात असावी. शेळ्या-गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणजे राखणही नको. लिंबाची बाग हेच ज्याचे पोट आहे त्या शेतकऱ्याने अळ्या पोसाव्यात असेही कुणी म्हणणार नाही. पण दारातल्या एका लिंबाची चार पाने कुरतडली गेली तर लोणच्यात काय उणे पडते? त्या एका झाडासाठी फवारणीचा पंप बाहेर काढणे हे शहाणपण नव्हे, सवय आहे.

खरा शत्रू आहे तो ‘स्वच्छ’ दिसण्याचा हव्यास. अंगणात फरशी, बांधावर तणनाशक, शाळेच्या आवारात एका रांगेत शोभेची झाडे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणे जपल्याबद्दल. दुकानातल्या चकचकीत पाकिटापुढे ज्याला मागास मानले गेले, त्यातच खरे धन आहे हे त्यांनी ओळखले. बांधावरच्या रुईलाही तोच न्याय लावायला हवा.

त्यासाठी सरकारी योजना नको, अनुदान नको. कुंपणाचा एक कोपरा वेडावाकडा वाढू द्यावा आणि कुरतडलेले पान पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत, एवढेच. ज्या बागेत एकही पान फाटलेले नाही, त्या बागेत फुलपाखरू आले तरी ते वाटसरू असते. त्याचे घर तिथे नसते.