गुलाबाच्या बागेचे वचन नको, खरे बोलणारा डॉक्टर हवा

वस्तीत कुणाला साखर निघाली, मणका दुखला, कावीळ झाली, तर माणूस चारचौघांत सांगतो. दहा जण दहा दवाखान्यांची नावे सुचवतात. पण रात्र रात्र झोप लागत नाही, कानात कुणी बोलल्यासारखे वाटते, जगावेसेच वाटत नाही, हे घराच्या भिंतीबाहेर जात नाही. सांगितलेच तर घरातले वडीलधारे म्हणतात, "आपण बाबासाहेबांची लेकरं, असं खचून कसं चालेल?" हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला वाटते, आजारी पडून आपण समाजाचाच कमीपणा केला. तो गप्प होतो. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातूनही कुणीतरी अंधार पडल्यावर अंगारा आणायला जाते, ते याच गप्पपणामुळे.

मनाच्या डॉक्टरकडे जाऊन नेमके काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही. तिथे शॉक देतात किंवा नुसते गप्पा मारून पैसे घेतात, एवढेच ऐकलेले असते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एका कादंबरीविषयी लिहीत आहे. तिचे नाव 'आय नेव्हर प्रॉमिस्ड यू अ रोझ गार्डन', म्हणजे 'मी तुला गुलाबाच्या बागेचे वचन दिले नव्हते'. अमेरिकेतील लेखिका जोआन ग्रीनबर्ग यांनी ती 1964 साली हॅना ग्रीन या टोपणनावाने प्रसिद्ध केली. टोपणनाव घ्यावे लागले, कारण गोष्ट स्वतःचीच होती. 1948 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या मेरीलँड राज्यातील चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. त्यांच्यावर उपचार केले डॉ. फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी. या डॉक्टर स्वतः जर्मनीतील ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून आलेल्या.

कादंबरीत मुलीचे नाव डेबोरा आणि डॉक्टरांचे नाव डॉ. फ्रीड आहे. डेबोरा ज्यू घरातली. सुट्टीतल्या शिबिरात ज्यू म्हणून तिला हिणवले जाते, वेगळे पाडले जाते. त्याआधी, पाच वर्षांची असताना, तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली असते. काही दुखणार नाही, असे डॉक्टर तिला खोटेच सांगतात आणि तिला असह्य वेदना होतात. बाहेरचे जग असे खोटे आणि क्रूर म्हणून ती मनातच दुसरे जग उभारते. त्याला स्वतःचे देव आहेत, स्वतःची भाषा आहे. सुरुवातीला ते जग तिला आसरा देते. पुढे तेच तिला कैद करते.

डॉ. फ्रीड पहिल्या भेटीतच एक गोष्ट स्पष्ट करतात: तुझ्या इच्छेविरुद्ध तुझ्याकडून काही हिसकावून घेणार नाही. उपचाराची सुरुवात या शब्दापासून होते. मग महिनोन् महिने बोलणे चालते. डेबोराच्या मनात एक जुने ओझे असते. लहान बहिणीला आपण खिडकीतून फेकायला निघालो होतो, आपण जन्मतःच वाईट, असे ती मानून बसलेली असते. डॉक्टर तिला उपदेश करत नाहीत, "विसरून जा" म्हणत नाहीत. त्या बारकाईने विचारतात: तेव्हा तू केवढी होतीस? बाळ केवढे होते? पाच वर्षांच्या पोरीला ते बाळ पाळण्यातून उचलून खिडकीपर्यंत नेता तरी आले असते का? मग दोघींच्या लक्षात येते की तसे घडणे शक्यच नव्हते. डेबोराने मनातल्या रागाला केलेले कृत्य समजून स्वतःला वर्षानुवर्षे शिक्षा दिली होती. मनाचा डॉक्टर करतो ते काम हेच. नुसत्या गप्पा नव्हेत. पुरावा तपासून माणसाला खोट्या आरोपातून सोडवणे.

मध्ये डॉ. फ्रीड परदेशी जातात आणि दुसरे डॉक्टर काम पाहतात. तेही शिकलेलेच. पण मुलीचे ऐकण्यापेक्षा स्वतःचे म्हणणे सिद्ध करण्यात त्यांना रस असतो. डेबोराची प्रकृती ढासळते. पदवी तीच, दवाखाना तोच, आजारही तोच. बदलले ते फक्त नाते. म्हणून एका डॉक्टरकडे जमले नाही तर उपचार सोडू नयेत. डॉक्टर बदलावा.

कादंबरीचे नाव ज्या प्रसंगातून आले, तो आपल्या समाजाने नीट समजून घ्यावा. वॉर्डातील एक कर्मचारी एका रुग्ण बाईला मारतो. डेबोरा ते पाहते आणि डॉक्टरांना सांगते. तिला न्याय हवा असतो. डॉक्टर खोटा धीर देत नाहीत. जगात पूर्ण न्याय मिळेल, सुख मिळेल, असे वचन मी कधीच दिले नव्हते, असे त्या सांगतात. तू या सगळ्याशी लढायला मोकळी व्हावीस, एवढ्यासाठी माझी मदत आहे.

या जागी आपल्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल. जात बाहेर आहे, अन्याय बाहेर आहे, मग औषध आम्हाला कशाला? रोग समाजाला झाला आहे, उपचार समाजावर करा. म्हणणे अर्धे खरे आहे. कॉलेजात जातीवरून टोमणे ऐकणाऱ्या मुलाला "तू जास्त विचार करतोस" म्हणणारा समुपदेशक त्या मुलाच्या जखमेवर मीठ चोळतो. डॉ. फ्रीड तसे करत नाहीत. ज्यू म्हणून झालेला अपमान हा डेबोराच्या मनाचा खेळ आहे, असे त्या कधी म्हणत नाहीत. पण अपमान खरा आहे म्हणून तू कोपऱ्यात बसून राहा, असेही म्हणत नाहीत. समाज बदलेपर्यंत आपल्या पोरांनी झोपेविना राहायचे का? अन्यायाशी लढायलाही जागेवर असलेले मन लागते.

या कादंबरीवर 1977 साली चित्रपट निघाला. त्यात डेबोराचे ज्यू असणेच गाळून टाकले. मुलगी राहिली, आजार राहिला, पण अपमानाचे कारण गेले. आपल्या मुलांच्या बाबतीत दवाखान्यात असेच घडू शकते. केसपेपरवर नैराश्य लिहिले जाते, गोळी दिली जाते, आणि जात हा शब्द खोलीत उच्चारलाच जात नाही. तो उच्चारता आला पाहिजे. डॉक्टरने विचारला नाही तर आपण सांगितला पाहिजे.

ऐकून घेण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. पटाचाराची कथा विहारात आपण ऐकली आहे. नवरा, दोन्ही मुले, आईवडील, भाऊ एकापाठोपाठ गेल्यावर ती भान हरपून, अंगावर वस्त्र नसलेल्या अवस्थेत श्रावस्तीत फिरू लागली. लोक वेडी म्हणून तिला हाकलत होते. तथागतांनी तिला अडवू दिले नाही, जवळ येऊ दिले, भानावर ये म्हणाले. कुणीतरी अंगावर वस्त्र टाकले, आणि मग तिने आपले दुःख सांगितले. पुढे तीच पटाचारा अनेक स्त्रियांना धम्म शिकवणारी थेरी झाली. तिच्यात भूत शिरले आहे, असे तथागत म्हणाले नाहीत. मनोबल कमी पडले, असेही म्हणाले नाहीत.

कादंबरी वाचून एक चूक मात्र करू नये. डेबोरा केवळ बोलण्याने बरी होते, म्हणून गोळ्या बंद करू नयेत. तो काळ वेगळा होता. मनोविकारावरची पहिली प्रभावी औषधे 1950 नंतर आली. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात आज औषध लागतेच आणि बोलणेही लागते. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली की आजार उलटतो. दुसरी गोष्ट, फ्रॉम-राइशमान यांनी त्याच काळात अशा आजाराचा दोष आईच्या वागण्याला दिला होता. ते मत पुढे टिकले नाही. आपल्याकडेही पोराचे काही बिघडले की आईलाच बोल लावतात. ते थांबवा.

चेस्टनट लॉज हे खासगी रुग्णालय होते. आठवड्यातून अनेकदा तासभर ऐकणारी डॉक्टर वस्तीतल्या माणसाला कुठून मिळणार? सरकारी ओपीडीत लांब रांग असते आणि वाट्याला काही मिनिटे येतात. हे वास्तव आहे, पण त्यावर गप्प बसणे हा उपाय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 चे कलम 18 प्रत्येकाला परवडणारे उपचार मिळण्याचा हक्क देते, आणि त्यात भेदभाव नको म्हणताना जातीचा स्पष्ट उल्लेख आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. कलम 23 प्रमाणे आपली माहिती गुप्त राहिली पाहिजे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते. कुणाच्या तोंडून जीव द्यायची भाषा निघाली तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका, लगेच हा क्रमांक लावा आणि दवाखान्यात न्या.

वर्षावासात आपण विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यातला एक रविवार मनाच्या आजारासाठी ठेवावा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाच्या समुपदेशकाला बोलवावे, आणि जातीच्या अपमानाविषयी तुम्ही रुग्णाला काय विचारता, हे त्यालाच विचारावे. रक्तदान शिबिर भरवतो तितक्या सहजपणे हे व्हायला हवे.

कादंबरीच्या शेवटी डेबोराला गुलाबाची बाग मिळत नाही. ती भाड्याच्या खोलीत राहते, राहिलेल्या शाळेचा अभ्यास करते आणि परीक्षा पास होते. प्रत्यक्षातल्या जोआन ग्रीनबर्ग यांनी पुढे संसार केला आणि अनेक पुस्तके लिहिली. बरे होणे म्हणजे एवढेच, आणि हे थोडे नाही. शिका हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. ज्या पोराला पुस्तक उघडवत नाही, ज्या सुनेला सकाळी उठवत नाही, त्यांना तो शब्द नुसता ऐकवू नका. आधी त्यांच्याजवळ बसा, काय होते ते विचारा, आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.