थंड गव्हाणीचा अभ्यास

इंदापूर-बारामतीकडची एमबीएची मुले उन्हाळी प्रकल्प घेऊन माझ्याकडे येतात. निवृत्त बँक अधिकारी म्हणून; कादंबरीकाराचे त्यांना काय काम? विषय बहुधा ठरलेला : साखर कारखान्याचे आर्थिक विश्लेषण. पण प्रकल्पाचे आठ आठवडे येतात तेव्हा गळीत हंगाम आटोपून गव्हाण थंडावलेली असते. मग मुलगा ३१ मार्चचा ताळेबंद घेऊन बसतो. त्या दिवशी गोदामे साखरेने भरलेली आणि त्याच साखरेवरचे मालतारण कर्जही फुगलेले. त्यावरून काढलेले गुणोत्तर वर्षभराची चणचण कशी दाखवणार? महिन्यामहिन्याचे आकडे हवेत, आणि ते परक्या पोराला कोण देतो! शेवटी जुनाच अहवाल नव्या बांधणीत सादर होतो. मार्गदर्शकही पाने मोजून सही करतात, हे मला अधिक खुपते.

यातल्या कित्येकांच्या घरी उजनीच्या पाण्यावरचा ऊस आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. मी सांगतो, वडिलांचे पासबुक काढा, दिवस मोजा, व्याज मांडा. त्यावर हमखास प्रश्न येतो, ‘‘सर, हे प्रोजेक्टमध्ये चालेल?’’