सुपरमॅनला कारण कुणी विचारले होते?

गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका प्रशिक्षण शिबिराला आम्ही गेलो होतो. तिसऱ्या दिवशी तज्ज्ञ मार्गदर्शकांनी भिंतीवर एक तक्ता चिकटवला. वर ठळक अक्षरांत 'वर्गातला सुपरहिरो'. खाली मुलांची नावे, पुढे रिकाम्या चौकटी. मुलाने वर्गातला कागद उचलला की एक तारा, शेजाऱ्याला पेन्सिल दिली की दोन तारे, आणि महिनाअखेर ज्याचे तारे सर्वांत जास्त त्याच्या पाठीवर लाल कापड बांधायचे.

आम्ही हात वर करून विचारले, ''साहेब, सुपरहिरोला तारे कोण देतो?''

मार्गदर्शक हसले. म्हणाले, ''त्याला ताऱ्यांची गरज नसते. त्याला लहानपणी जबरदस्त धक्का बसलेला असतो. आईबाप मारले जातात, काका मारला जातो. त्या जखमेतून प्रेरणा येते. ज्याला जखम नाही त्याला बक्षीस द्यावे लागते.'' आणि मग आमच्याकडे पाहून, अगदी प्रेमाने म्हणाले, ''तुमच्या वस्तीतल्या पोरांना तशी जखमांची कमी नाही म्हणा!''

सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. तेव्हा का हसलो, याची लाज अजून वाटते. त्या दिवशी द्यायचे राहून गेलेले उत्तर आज देत आहोत.

आधी जखमेचे पाहू. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला मे 1939 मध्ये, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27व्या अंकात. त्याच्या आईवडिलांचा खून वाचकांना सांगितला गेला 33व्या अंकात, म्हणजे नोव्हेंबरमध्ये. मधले सहा महिने हा गृहस्थ रात्री-अपरात्री गुन्हेगारांच्या मागे धावत होता आणि तो असे का करतो हे वाचकांना ठाऊक नव्हते. ठाऊक नसल्यामुळे कुणाचे अडलेही नाही. कारण मागाहून चिकटवले गेले आणि मग ते इतके घट्ट बसले की आज सुपरहिरो म्हटले की आधी मढे लागते.

जखमेतून नेकी उगवत असती तर मॅग्नेटोचे काय? नाझी छळछावणीतून वाचलेला हा माणूस एक्स-मेनच्या कथांत वर्षानुवर्षे खलनायक म्हणून उभा आहे. बॅटमॅनपेक्षा त्याची जखम लहान होती काय? आणि कथा-कादंबऱ्या सोडा, आमच्या वर्गात या. सहा वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील अपघातात गेले. मुलगा आठवीत होता, गणितात हुशार होता. त्याचा बॅटमॅन झाला नाही. तो गॅरेजमध्ये हेल्पर झाला. बॅटमॅनजवळ वाडवडिलांची मालमत्ता होती, वाडा होता, आल्फ्रेड होता. जखम तर आमच्या मुलाकडेही होती, आल्फ्रेड नव्हता. गरिबाच्या जखमेला प्रेरणा म्हणणारा माणूस तिच्यावर मलम लावायच्या जबाबदारीतून अलगद सुटतो, हे आम्हाला त्या हसण्यात दिसले.

आता सुपरमॅनकडे येऊ. त्याला घडवणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँड शहरातली स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली मुले. त्यांचा अगदी पहिला 'सुपरमॅन' चक्क दुष्ट होता, हे फार थोड्यांना माहीत असते. जानेवारी 1933 मध्ये त्यांनी आपल्या हौशी मासिकात एक गोष्ट छापली. भाकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या एका भणंग माणसाला एक शास्त्रज्ञ औषध पाजतो. त्याला दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती येते आणि तो जगावर राज्य करायला निघतो. औषधाचा अंमल उतरल्यावर तो पुन्हा त्याच रांगेत येतो. गरिबी होती, अपमान होता, वर अचाट शक्तीही मिळाली. आणि त्यातून निघाला एक हुकूमशहा.

पाच वर्षांनी, जून 1938च्या अंकात, त्याच दोघांचा चांगला सुपरमॅन आला. (तो त्यांनी 130 डॉलरला विकून टाकला आणि म्हातारपणी, 1975 साली, बरीच बोंबाबोंब केल्यावर त्यांना वर्षासन मिळाले. जगाला वाचवणाऱ्याच्या बापांना वाचवायला कुणी उडत आले नाही.) या सुपरमॅनचा ग्रह नष्ट झाला खरा, पण तेव्हा तो तान्हा होता. त्याला त्याचे काय दुःख आठवणार? 1939 मध्ये त्याचे स्वतंत्र पुस्तक निघाले त्यात कारण येते, आणि ते अगदी साधे आहे. ज्या म्हाताऱ्या केंट जोडप्याने त्याला वाढवले त्यांनी त्याला सांगितले की तुझी ही ताकद लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे. त्याने ऐकले. बस्स! खून नाही, सूड नाही, तक्ता तर नाहीच नाही.

आणि त्याने काय केले ते पाहा. पहिल्याच अंकात फाशीच्या दारातल्या निरपराध बाईला सोडवले, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बदडले. तिसऱ्या अंकात खाणमालकाला त्याच्या पाहुण्यांसकट त्याच्याच धोकादायक खाणीत अडकवून मजुराचा जीव कसा घुसमटतो ते दाखवले. यातला एकही मजूर, एकही बाई त्याच्या नात्यागोत्यातली नव्हती. अन्याय दिसला आणि हातात बळ होते, एवढेच निमित्त.

बक्षिसाचा मुद्दा आम्ही बी.एड.ला शिकलो आहोत. प्रबलनाची व्याख्या झोपेतही सांगू. पण त्याच अभ्यासक्रमात पुढचे पानही होते, ते मार्गदर्शक महोदय उलटायला विसरले. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी चित्रे काढायची आवड असलेली बालवाडीची मुले घेतली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी मोहोरेचे, फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. ते मिळाले. पुढे वर्गात मोकळ्या वेळी तेच रंगीत पेन ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढताना दिसली. नेकीचेही तेच. वॉर्नकेन आणि टोमासेलो यांनी 2006 साली दाखवले की दीड वर्षाचे मूलही परक्या माणसाची पडलेली वस्तू आपण होऊन उचलून देते, हात भरलेले असले तर कपाटाचे दार उघडून देते. 2008च्या प्रयोगात ज्या बाळांना अशा मदतीबद्दल दर वेळी वस्तू दिली, ती पुढे कमी मदत करू लागली. दीड वर्षाच्या बाळाला कुठली जखम आणि कुठला काका? आपण मुलाला चांगले करतो असे म्हणतो. अनेकदा ते आधीच चांगले असते आणि आपण त्याला भाव ठरवायला शिकवतो.

इथे आमच्याच लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत, नाहीतर आम्ही परक्यांवरच घसरलो असे व्हायचे. आमच्या घराघरांत सवाबाचा हिशेब चालतो. अमुक केले की इतक्या नेक्या, तमुक महिन्यात केले की सत्तर पट. सवाबावर आमचा विश्वास आहेच. पण मुलाला शेजारच्या म्हाताऱ्या खालाचे औषध आणायला पाठवताना, ''जा, सवाब मिळेल'' एवढेच जर आपण सांगत असू, तर आपला तक्ता त्या शिबिरातल्या तक्त्यापेक्षा किती वेगळा राहिला? बुखारी शरीफची पहिलीच हदीस नियतीबद्दल आहे, तारे मोजण्याबद्दल नाही. आणि आपल्या आजीच्या तोंडच्या गोष्टी तरी आठवा. हातिमताई सात सवालांची उत्तरे शोधायला रानोमाळ भटकला तो कुणासाठी? हुस्नबानूवर प्रेम मुनीर शामीचे, सवाल हुस्नबानूचे, आणि पायांना फोड हातिमचे. त्यातला दुसरा सवालच नेकी करून दर्यात टाकण्याचा आहे. हा हातिम कोणत्या काळातला? इस्लामपूर्व अरबस्तानातला, तय टोळीचा सरदार. कलमा न पढलेल्या माणसाला आपल्या आजीने दानशूरपणाचा मानदंड मानले, यात तिला काही वावगे वाटले नाही. आपल्याला का वाटावे?

आता ज्या गोष्टीमुळे हे सर्व लिहावेसे वाटले तिच्याकडे वळतो. 2014 साली मार्व्हल कंपनीने कमला खान या नायिकेचे स्वतंत्र कॉमिक काढले. 2022 मध्ये तिच्यावर मालिकाही आली. जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली शाळकरी पोर. तिला नवीच शक्ती आलेली असते आणि झोई नावाची मुलगी तिच्या डोळ्यांदेखत नदीत पडते. हीच ती झोई, जिने थोड्याच वेळापूर्वी कमलाच्या अंगाला मसाल्याचा वास येतो म्हणून टोमणा मारलेला असतो. कमलाला अब्बांच्या तोंडून नेहमी ऐकलेली, एक जीव वाचवण्याचे मोल सांगणारी आयत आठवते आणि ती हात पुढे करते. लेखिका विलो विल्सन आणि संपादिका सना अमानत यांनी तिला मेलेला काका दिला नाही, जिवंत बाप दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. केंट दांपत्याच्या जवळ जाणारी हीच एक गोष्ट आम्हाला सापडली.

पण कमला आल्यावर चर्चा कसली झाली? मुसलमान सुपरहिरो कशासाठी? यामागे हेतू काय? सुपरमॅनला पंचाऐंशीहून अधिक वर्षांत हा सवाल कुणी असा केला होता? त्याने बुडत्याला वाचवले तर ते वाचवणे. आमच्याने वाचवले तर ते धोरण, किंवा चमत्कार. 2020-21च्या कोरोनाकाळात कितीतरी गावांत मुस्लिम तरुणांनी हिंदू शेजाऱ्यांच्या तिरड्या उचलल्या, सरण रचले. बातम्या कौतुकाच्या आल्या. त्या वाचताना आमचा ऊर भरून आला आणि लगेच काहीतरी बोचले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला खांदा देणे ही बातमी केव्हा होते? तशी अपेक्षाच नसते तेव्हा. त्या पोरांपैकी एक आमचा जुना विद्यार्थी. एका पाहुण्याने त्याला चहा पाजून कौतुकाने विचारले, ''तुला ही प्रेरणा कुठून मिळाली?'' तो गोंधळला. म्हणाला, ''चौघे हवे होते, तिघेच होते.''

आमच्या महाराष्ट्रात सुपरमॅन एकदा खरोखर येऊन गेला, तो मालेगावात. शेख नासिर यांनी गावातल्या लोकांना घेऊन जो सुपरमॅनचा सिनेमा काढला त्यात उडणारा शफीक शेख हा यंत्रमाग कामगार, काडीपैलवान. फैजा अहमद खान यांच्या 2008च्या माहितीपटात ते सारे चित्रीकरण पाहायला मिळते. त्याचा शत्रू परग्रहावरचा राक्षस नव्हता, त्याला गावातली घाण आवडत होती! आम्ही हसून हसून बेजार झालो आणि मग गटारीच्या वासाची आठवण होऊन गप्प बसलो. 2011 साली शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. त्याच्यावर इथे आणखी लिहिणे आम्हाला जमणार नाही.

शिबिरातून परतल्यावर सातवीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, ''स्पायडरमॅन लोगों को क्यों बचाता है?'' काका मेला म्हणून, असे दोघातिघांनी सांगितले. सिनेमा पाहिलेला होता. एकजण म्हणाला, ''उसके पास जाल है ना सर.'' मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी हजेरीपलीकडे बोलत नाही, ती म्हणाली, ''सर, उसने देख लिया ना. देख लिया तो फिर कैसे जाएगा?''

तिला आम्ही तारा दिला नाही. शिबिरातून मिळालेला तक्ता मात्र चांगल्या जाड कागदाचा होता, फेकवेना. तो उलटा करून वर्गात लावला आहे. कोऱ्या बाजूवर सध्या मराठीची जोडाक्षरे लिहिली आहेत.